जिंकलेल्या सामन्याची चौकशी

रग्बी हा खेळ मला पहाटे साडेचारच्या कॉलवर भेटला. आमच्या टीमचा क्लायंट ऑकलंडचा. तिकडे अकराचा चहा होतो तेव्हा पुण्यात दूधवालेही घराबाहेर पडलेले नसतात. सगळे कॉलवर येईपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत आपण क्रिकेट बोलतो, ते रग्बी बोलतात. मी आपला म्यूट करून चहा ढवळत बसायचो. एकदा कुणीतरी २००७चं नाव काढलं आणि पलीकडचा पन्नाशीचा, एरवी फार सभ्य असणारा आर्किटेक्ट म्हणाला, की या कॉलवर त्या वर्षाबद्दल बोलायचं नाही. बाकीचे हसले. तो हसला नाही.

कॉल संपल्यावर मी शोधलं. मग पुढचे तीन-चार शनिवार-रविवार त्यातच गेले. त्यामागे माझं स्वतःचं एक कारण होतं, ते पुढे सांगतो.

रग्बीबद्दल फार माहिती नसली तरी चालेल. पंधरा-पंधरा खेळाडू, ८० मिनिटं, अंडाकृती चेंडू. हाताने पास करायचा तर फक्त मागे किंवा आडवा. पुढे टाकला की फाउल. चेंडू घेऊन समोरच्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ गुण, आणि नंतरच्या किकचे २. पेनल्टीची किक खांबांमधून गेली तर ३. आणि खेळ चालू असतानाच चेंडू जमिनीवर टाकून, उसळता उसळता लाथाडून खांबांमधून घातला तर तो ड्रॉप गोल, त्याचेही ३. एवढं पुरे.

आता माणूस. ग्रॅहम हेन्री. जन्म १९४६, क्राइस्टचर्च. पेशाने शाळामास्तर. ऑकलंडच्या एका मोठ्या शाळेचा हेडमास्तर होता आणि ते करता करता रग्बी शिकवायचा. नव्वदच्या दशकात ऑकलंडच्या संघाला त्याने ओळीने चार वर्षं देशांतर्गत विजेतेपद मिळवून दिलं, मग ऑकलंड ब्लूजला १९९६ आणि १९९७ मध्ये सुपर १२ जिंकून दिली. १९९८ मध्ये तो वेल्सला गेला. वेल्स म्हणजे रग्बीवर जीव टाकणारा आणि तेव्हा सतत हरणारा देश. त्याने तिथे ओळीने दहा सामने जिंकले. वेल्सने दक्षिण आफ्रिकेला इतिहासात पहिल्यांदा हरवलं ते त्याच्याच काळात, १९९९ मध्ये. लोक त्याला 'ग्रेट रिडीमर' म्हणू लागले, म्हणजे जवळपास तारणहारच. २००२ मध्ये आयर्लंडकडून ५४-१० असा मार खाल्ल्यावर तारणहार राजीनामा देऊन घरी परतला. मधे २००१ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या संघाचा पहिला परदेशी प्रशिक्षक म्हणून तो ऑस्ट्रेलियाला गेला होता. पहिला सामना जिंकून पुढचे दोन हरला. खेळाडू म्हणाले, फार राबवतो. मास्तरच तो.

एवढं सगळं होऊन २००४च्या हंगामासाठी त्याला न्यूझीलंडचा, म्हणजे ऑल ब्लॅक्सचा, प्रशिक्षक नेमलं. आपल्याकडे भारताच्या क्रिकेट संघाच्या प्रशिक्षकाचं जे होतं ते तिथे रग्बीच्या प्रशिक्षकाचं होतं. फरक इतकाच, की त्या देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास आहे, त्यामुळे तोंड लपवायला जागा कमी.

पुढची चार वर्षं संघ जवळपास सगळ्यांना हरवत गेला. २००७च्या वर्ल्ड कपला ते निर्विवाद फेव्हरेट होते. हेन्रीने तयारीत काही धाडसी गोष्टी केल्या. खेळाडू आलटून पालटून खेळवले, म्हणजे सगळे ताजेतवाने राहतील. त्या वर्षीच्या सुपर १४ स्पर्धेच्या सुरुवातीच्या आठवड्यांतून २२ मुख्य खेळाडू काढून घेतले आणि त्यांना व्यायामाच्या खास कार्यक्रमाला लावलं. देशभर कुरबुर झाली, पण संघ जिंकत होता, त्यामुळे कुरबुरीला वजन नव्हतं.

६ ऑक्टोबर २००७, कार्डिफ. उपांत्यपूर्व फेरी, समोर फ्रान्स. अर्ध्या वेळेला न्यूझीलंड १३-३ने पुढे. मग डॅन कार्टर दुखापतीने बाहेर, त्याच्या जागी आलेला निक इव्हान्सही बाहेर. एक खेळाडू पिवळं कार्ड मिळून दहा मिनिटं बसला. शेवटची अकरा मिनिटं राहिली असताना फ्रान्सने जो निर्णायक ट्राय केला, त्याच्या आधीचा एक पास पुढे गेला होता. मी तो व्हिडिओ निदान वीस वेळा पाहिलाय. पास पुढे गेलाय. रेफरी वेन बार्न्सला तो दिसला नाही. बार्न्स तेव्हा २८ वर्षांचा होता, म्हणजे माझ्याएवढा. फ्रान्स २०, न्यूझीलंड १८. त्यानंतर ऑल ब्लॅक्स चेंडू हातात ठेवून पुन्हा पुन्हा धडका मारत राहिले. एका ड्रॉप गोलने सामना फिरला असता. अगदी शेवटी, लांबून, घाईघाईत एक प्रयत्न झाला आणि तो चुकला. वर्ल्ड कपमधून ऑल ब्लॅक्स इतक्या लवकर त्याआधी कधीच बाहेर पडले नव्हते. बार्न्सला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

आता यातला महत्त्वाचा भाग. १९८७ नंतर न्यूझीलंड वर्ल्ड कप जिंकला नव्हता, आणि १९९१, १९९५, १९९९, २००३, दर वेळी हरल्यावर प्रशिक्षक गेला होता. तो तिथला रिवाजच झाला होता. हेन्रीचा पर्यायही तयार होता: रॉबी डीन्स, क्रुसेडर्स संघाला एकामागून एक विजेतेपदं मिळवून देणारा, लोकांचा लाडका. जागा रिकामी जाहीर झाली, हेन्रीने ६१व्या वर्षी स्वतःच्याच नोकरीसाठी पुन्हा अर्ज केला, मुलाखत दिली, आणि डिसेंबर २००७ मध्ये न्यूझीलंडच्या रग्बी युनियनने त्यालाच परत नेमलं. देश खवळला. पराभवाची युनियनने स्वतंत्र चौकशीही लावली होती, तिचा अहवाल २००८ मध्ये, म्हणजे नेमणुकीनंतर आला.

मला छळणारा प्रश्न असा: डिसेंबर २००७ मध्ये घेतलेला तो निर्णय बरोबर होता का?

'होता की, २०११ला जिंकले ना ते,' असं उत्तर द्यायला जीभ वळवळते. कारण २०११ मध्ये खरंच जिंकले. तेच मैदान नव्हतं, ऑकलंडचं ईडन पार्क होतं, पण समोर पुन्हा फ्रान्सच. आणि निकाल काय? ८-७. एका गुणाने. २००७ला दोन गुणांनी हरले, २०११ला एका गुणाने जिंकले. या तीन गुणांच्या फरकावर एका माणसाचं सगळं आयुष्य या बाजूचं त्या बाजूला गेलं. २०१२ मध्ये तो सर ग्रॅहम झाला.

आता माझं कारण.

दीड वर्षापूर्वी एका शुक्रवारी रात्री आमच्या प्रॉडक्शन डेटाबेसमध्ये एक बदल करायचा होता. नियम असा, की असा बदल आधी खऱ्या डेटाच्या पूर्ण कॉपीवर चालवून बघायचा. त्याला चारेक तास लागतात. मी म्हटलं, बदल छोटा आहे. थेट चालवला. वीस मिनिटांत काम झालं. सोमवारी क्लायंटकडून कौतुकाचा मेल, मॅनेजरने सगळ्यांना फॉरवर्ड केला. त्या वर्षीच्या रेटिंगमध्ये 'निर्णयक्षमता' या शब्दासमोर चांगले शेरे आले. मी तो मेल आईला वाचून दाखवला होता.

आठ महिन्यांनी आमच्या टीममधल्या एका नवीन मुलाला तसाच बदल करायचा होता. सांगलीकडचा मुलगा, कॉलेजमधून थेट आमच्याकडे आलेला. मला दादा म्हणायचा. त्याने मला विचारलं, 'दादा, आधी कॉपीवर चालवू का?' मी माझ्या कामात होतो. म्हणालो, छोट्या बदलाला एवढं लागत नाही. मी काही त्याला 'करू नको' असं म्हटलं नाही, हे मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. त्या रात्री क्लायंटचं एक मोठं काम त्याच टेबलवर चालू होतं. टेबल लॉक झालं. तीन तास ऑर्डर अडकल्या. त्या पोराने घाबरून मला फोन केला तेव्हा मी झोपलो होतो.

मग मीटिंग झाली. आमच्याकडे त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात, आणि पहिल्याच स्लाइडवर लिहिलेलं असतं, की इथे कुणालाही दोष द्यायचा नाही. शेवटी निष्कर्ष निघाला: ठरलेली प्रक्रिया पाळली गेली नाही. सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. दोष कुणालाच दिला नाही. फक्त त्याचं रेटिंग खाली आलं आणि दोन महिन्यांनी त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं.

त्याने जे केलं आणि मी जे केलं त्यात फरक काय होता? मी बरेच दिवस शोधतोय. त्याने निदान विचारलं तरी होतं, मी विचारलंही नव्हतं. म्हणजे फरक काढायचाच तर तो त्याच्या बाजूने निघतो.

तत्त्वज्ञानात याला एक नाव आहे, 'मॉरल लक', नैतिक नशीब म्हणू. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी त्यावर निबंध लिहिले. नेगलचं उदाहरण साधं आहे: दारू पिऊन गाडी चालवणारे दोन ड्रायव्हर, दोघांचीही गाडी फुटपाथवर चढते. एकाच्या फुटपाथवर कुणी नसतं, दुसऱ्याच्या फुटपाथवर माणूस असतो. पहिल्याला आपण बेजबाबदार म्हणतो, दुसऱ्याला खुनी. दोघांनी केलं तेच. फुटपाथवर कोण होतं, हे दोघांच्याही हातात नव्हतं. मग जे हातात नव्हतं त्याचा हिशेब माणसाच्या नावावर कसा लावायचा? आणि नाही लावायचा म्हटलं, तर मेलेल्या माणसाचं काय?

आपल्याकडे लहानपणापासून गीतेतलं कर्म आणि फळ ऐकवलं जातं, त्यामुळे हा प्रश्न आपण केव्हाच सोडवलाय असं वाटतं. पण तो उपदेश काम करणाऱ्याला आहे: तू फळाकडे बघू नकोस. बघणाऱ्याने काय करायचं? मॅनेजरने, सिलेक्टरने, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपने? ते तर फळाकडेच बघणार. त्यांना दिसतं तेच.

विल्यम्सचं उदाहरण मला जास्त अडचणीचं वाटतं. बायकोमुलांना सोडून चित्रं काढायला दूर निघून गेलेला गोगँ. विल्यम्सचं म्हणणं असं, की त्याचं वागणं समर्थनीय ठरतं का, हे निघताना ठरूच शकत नाही. चित्रं जमली का, यावर ते ठरतं. हे मला पटत नाही, पण हेन्रीची गोष्ट वाचताना मी नकळत तसाच विचार करत होतो. २०११ माहीत असल्यामुळे २००७चा हेन्री मला शांत, निश्चयी वगैरे दिसत होता. तोच माणूस २०११ला हरला असता तर मला हट्टी म्हातारा दिसला असता.

आणि तो हरणं किती जवळ होतं ते बघा. २०११च्या स्पर्धेत कार्टर सरावात जखमी. त्याच्या जागचा कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व सामन्यात जखमी. मग एरन क्रूडन. तो अंतिम सामन्यातच जखमी. चौथा माणूस कोण, तर स्टीफन डोनाल्ड. २०१० मध्ये हाँगकाँगला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याची एक किक मैदानाबाहेर गेली नाही, शेवटच्या क्षणी सामना गेला, आणि देशाने त्याचं नाव टाकलं होतं. संघाचं बोलावणं आलं तेव्हा तो वायकाटो नदीवर मासे धरत होता; हेन्रीचे फोन आधी त्याने घेतलेच नव्हते. अंगाला तोकडी पडणारी जर्सी घालून तो आला आणि ४६व्या मिनिटाला पेनल्टी मारून त्याने ८-० केलं. लगेच फ्रान्सने ट्राय आणि किक मिळून ७ गुण केले. ६५व्या मिनिटाला फ्रान्सच्या त्रॅन-द्युकने लांबून पेनल्टी मारली. गेली असती तर १०-८. चेंडू खांबांच्या बाहेरून गेला.

वाऱ्याची एक झुळूक, आणि डिसेंबर २००७चा निर्णय 'ऐतिहासिक घोडचूक' झाला असता. निर्णय घेतला त्याला तेव्हा चार वर्षं होत आली होती. कागद तेच, मुलाखत तीच, माणसं तीच.

इथे थांबून 'सगळं नशीब आहे' म्हणता आलं असतं आणि मला ते सोयीचंही झालं असतं. पण ते खरं नाही. २००७ची हार नुसत्या एका पासमुळे झाली नव्हती. खेळाडूंना इतके आठवडे स्पर्धेबाहेर ठेवणं अंगाशी आलं होतं. दडपणाखाली काय करायचं याची तयारी नव्हती. अकरा मिनिटं चेंडू हातात असून कुणाला ठरवता आलं नाही. रेफरीची चूक ही खरी होती आणि तीच लपायची जागाही होती. हेन्री पूर्णपणे त्या जागेतून बाहेर आला असंही नाही: २०१२च्या आपल्या पुस्तकात त्याने त्या सामन्यात काही गैरप्रकार झाला का अशी शंका बोलून दाखवली, त्यावर त्याला बऱ्याच लोकांनी झोडपलं, आणि मलाही ते आवडलं नाही. पण कामात मात्र त्याने आपली बाजू तपासली. दडपणात डोकं थंड कसं ठेवायचं यावर संघाने पुढची वर्षं काम केलं, मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेतली, मैदानावरचे निर्णय खेळाडूंच्या हाती आणखी सोपवले.

तशी सवय त्याला होती. सुरुवातीच्या काळात तो सामन्याआधी जोशपूर्ण भाषण करायचा, मास्तरांची खोड. एकदा कर्णधार टाना उमागाने त्याला विचारलं, की ही भाषणं तुम्ही आमच्यासाठी करता की स्वतःसाठी? हेन्रीने भाषणं बंद केली. ही गोष्ट तो स्वतःच सांगतो. असा प्रश्न विचारणारा कनिष्ठ मिळणं आणि त्याचं ऐकणारा वरिष्ठ मिळणं, दोन्ही मी नोकरीत फारसं पाहिलेलं नाही.

डीन्सचंही बघायला हवं. त्याची काही चूक नव्हती. नाकारल्यावर २००८ मध्ये त्याने क्रुसेडर्सला पाचवं विजेतेपद मिळवून दिलं आणि ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक झाला. २०११च्या उपांत्य फेरीत त्याचा संघ हेन्रीच्या संघासमोर आला, त्याच्याच देशात, आणि २०-६ने हरला. हेन्रीला दिलेली दुसरी संधी कुणाच्या तरी पहिल्या संधीतून कापून दिली होती. क्षमेबद्दल छान छान बोलताना हे आपण विसरतो.

हेन्रीने एकूण १०३ कसोटी सामन्यांत संघ उतरवला, ८८ जिंकला, १५ हरला. यातल्या एका सामन्यावरून त्याला २००७ मध्ये नालायक ठरवत होते. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठीक, पण कार्डिफचं शीत बघून कच्चा आणि ईडन पार्कचं शीत बघून शिजलेला, असं एकाच भाताबद्दल कसं म्हणणार?

आपण वेगळे नाही. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादला हरल्यावर द्रविडबद्दल काय काय बोललं गेलं, आणि २९ जून २०२४ला बार्बाडोसला ७ धावांनी जिंकल्यावर काय, हे आपल्याच फोनवर शोधलं तर सापडेल. मधे सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा तो झेल होता. पाय चार बोटं मागे पडला असता तर द्रविड वाईट प्रशिक्षक झाला असता का? मी दोन्ही वेळा ग्रुपवर काय टाईप केलं होतं ते बघितलं. सांगत नाही.

मला शेवटी खटकली ती एक साधी गोष्ट. २००७च्या हरलेल्या सामन्याचा चौकशी अहवाल निघाला. २०११च्या जिंकलेल्या सामन्याचा निघाला नाही. कोण मागणार? देश रस्त्यावर नाचत होता. पण एका गुणाने, चौथ्या क्रमांकाच्या किकरवर, समोरच्याची किक चुकल्यामुळे मिळालेल्या विजयात तपासण्यासारखं काही नव्हतं? फ्रान्सचे समर्थक तेव्हा रेफरीने आपल्याला पेनल्टी दिल्या नाहीत म्हणून ओरडत होते. २००७ला हेच न्यूझीलंडवाले ओरडत होते. जिंकलेल्याला कुणी विचारत नाही, आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही तर ते सहज खपून जातं. माझं खपलं. माझ्या शुक्रवारच्या रात्रीचा पोस्टमॉर्टेम झाला असता तर त्या मुलाला मी जे उत्तर दिलं ते देऊ शकलो नसतो.

वेन बार्न्सचं राहिलं. त्याने शिटी टाकली नाही. आणखी सोळा वर्षं सामने चालवले आणि २०२३च्या वर्ल्ड कपचा अंतिम सामना त्याच्याच हाती होता. त्यातही न्यूझीलंड होतं. १२-११, दक्षिण आफ्रिकेकडून एका गुणाने हरलं. सामन्यानंतर त्याला आणि त्याच्या घरच्यांना पुन्हा धमक्या आल्या, आणि तो निवृत्त झाला.

मागच्या महिन्यात मी कंपनीच्या त्याच टेम्प्लेटमध्ये एक पोस्टमॉर्टेम लिहिला. तारीख माझ्या त्या शुक्रवारची. 'परिणाम' या रकान्यात लिहिलं: काही नाही. 'कारण' या रकान्यात जे खरं होतं ते लिहिलं, आणि खाली त्या मुलाने मला काय विचारलं होतं आणि मी काय म्हणालो होतो तेही. मॅनेजरला पाठवला. तो म्हणाला, हे आता कशाला उकरतोस, त्याचं रेटिंग तर सिस्टिममध्ये बंद झालंय, आणि तुझं प्रमोशनचं वर्ष आहे. मी म्हटलं, फाईलला लावून ठेवा. त्याने लावलं की नाही माहीत नाही.

त्या मुलालाही पाठवला. दोन दिवस निळ्या टिका दिसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं: 'दादा, वाचलं. तेव्हा बोलला असता तर बरं झालं असतं.' मी बराच वेळ टाईप करत होतो. मग साडेचार वाजले, ऑकलंडचा कॉल सुरू झाला.